संशयित कार्डांची यादी लावलीत, आता कारणंही लावा

प्रति,
बेळगाव जिल्ह्यातील अन्न व नागरी पुरवठ्याचं काम पाहणारे सर्व अधिकारी
आणि या जिल्ह्यातून विधानसभेवर गेलेले १८ आमदार यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या रेशन दुकानाच्या शटरवर गेल्या महिन्यात एक यादी चिकटवली गेली. कार्डाचा नंबर, कुटुंबप्रमुख बाईचं नाव आणि शेवटच्या रकान्यात एखाद-दुसरा शब्द. ही कार्डं संशयित आहेत, बीपीएलमधून (दारिद्र्यरेषेखालच्या कार्डांतून) काढून एपीएलमध्ये (दारिद्र्यरेषेवरच्या कार्डांत) टाकली जाऊ शकतात, एवढं दुकानदारानं तोंडी सांगितलं. संशय कशावरून आला, खुलासा कुठं द्यायचा, कधीपर्यंत द्यायचा, सोबत कुठले कागद जोडायचे, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. दोन दिवसांनी पावसाची सर आली, शाई पसरली आणि खालची नावं वाचता येईनाशी झाली. ज्यांची नावं खाली होती त्यांना आपण यादीत आहोत की नाही हेसुद्धा अजून कळलेलं नाही.

मी शहापूर भागात झेरॉक्स आणि अर्ज टाइप करून देण्याचं छोटं दुकान चालवतो. एखाद्याचं रेशन अडलं की तो तुमच्याकडं येण्याआधी माझ्याकडं येतो, कारण तुम्ही मागितलेल्या प्रत्येक कागदाची प्रत माझ्या मशीनमधून निघते. तुमची एक अट वाढली की माझा गल्ला थोडा वाढतो. तेव्हा हे पत्र मी माझ्याच धंद्याच्या विरोधात लिहितोय असं समजायला हरकत नाही. माझं स्वतःचं कार्ड एपीएल आहे आणि ते बरोबरच आहे. पण माझा धाकटा भाऊ उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे, भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, आणि त्याच्या बायकोच्या नावचं कार्ड त्या यादीत आहे.

पुढचं वाचताना कुणाच्या कपाळाला आठी पडू नये म्हणून दोन गोष्टी आधीच सांगतो. हे पत्र सीमाप्रश्नावर नाही. तो दावा २००४ सालापासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं काय व्हायचं ते तिथं होईल. तोवर आम्ही घरपट्टी इथं भरतो, मत इथं देतो आणि रेशनही इथलंच मागतो. दुसरं म्हणजे, अपात्र माणसांकडं बीपीएल कार्डं आहेत हे मला मान्य आहे. दारात कार उभी आहे, दोन घरांचं भाडं येतंय आणि तरी महिन्याचा तांदूळ उचलतात, अशी माणसं कोण हे प्रत्येक गल्लीला ठाऊक असतं. त्यांची कार्डं खुशाल काढा. नवल एवढंच की जेवढी यादी मला वाचता आली तेवढ्यात त्यातलं एकही नाव दिसलं नाही.

भावाचं उदाहरण घेतो, कारण ते एकट्याचं नाही. त्यांच्या नंबरापुढं 'आयकर' एवढाच शब्द आहे. त्यानं आजवर एक रुपया आयकर भरलेला नाही. मुलीच्या कॉलेजसाठी कर्ज काढायचं होतं, कर्ज देणाऱ्यांनी रिटर्न मागितलं, म्हणून एका कर सल्लागाराकडून शून्य कराचं रिटर्न भरून घेतलं. पॅन आधारला जोडलेलं, आधार रेशन कार्डाला जोडलेलं. संगणकानं दोन टोकं जुळवली आणि दिवसभर वाळूचे साचे भरणारा माणूस करदाता ठरला. अशी रिटर्नं माझ्या गल्लीत कितीतरी जणांनी भरली आहेत: कुणी रिक्षाच्या कर्जासाठी, कुणी मागाच्या कर्जासाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यात अशीच कार्डं एपीएलमध्ये ढकलली गेली, ओरड झाली आणि सरकारी नोकर व आयकर भरणारे सोडून कुणाचं कार्ड काढू नका असं खुद्द मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं. म्हणजे चूक एकदा कळून चुकलेली आहे. मग पुढची यादी करताना 'कर किती भरला' हा आकडा बघायला कुणी अडवलं होतं?

आणि कार्ड एपीएल झालं म्हणजे नुसते तांदूळ बंद झाले असं नाही. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलला खर्चाच्या ३० टक्केच, तेही दीड लाखाच्या आत. घरात करदाता आहे असा शिक्का बसला की राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेत घरच्या बाईला मिळणारे महिन्याचे २,००० रुपयेही अडतात. मोल्डिंगच्या कामात पायावर वितळलेलं लोखंड सांडतं. असं भाजणं फौंड्रीवाल्यांच्या घरात नवीन नाही. दवाखान्यात कुठलं कार्ड दाखवायचं हा प्रश्न आमच्या भावजयीला तांदळापेक्षा मोठा वाटतो, आणि तो आहेच.

आता उत्पन्नाच्या अटीकडं येतो. ही अट तुम्ही अधिकाऱ्यांनी केलेली नाही, म्हणून हा भाग आमदारांनी वाचावा. बीपीएलसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १०,००० रुपये, सव्वीस दिवस कामाचे धरले तर रोज ३८५ रुपयेसुद्धा नाहीत. आणि हे एका माणसाचं नव्हे, सगळ्या घराचं. याच राज्याच्या कामगार खात्यानं ठरवलेलं किमान वेतन बहुतेक धंद्यांत महिना १०,००० च्या वर आहे. याचा सरळ अर्थ असा होतो की मालक कायद्यानं वागला, किमान पगार दिला, तर कामगार गरीब राहत नाही; मालकानं कायदा मोडला तरच कामगार रेशनला पात्र. नवरा हमाल आणि बायको चार घरची धुणीभांडी करणारी असेल तर दोघांची मिळून बेरीज या अटीत बसवायची कशी? बसत नाहीच. म्हणून नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यावर असे आकडे येतात की त्यात माणसं सोडा, कोंबड्याही जगणार नाहीत. ते देणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला माहीत असतं, त्याची प्रत काढणाऱ्या मलाही माहीत असतं. गरिबाला पहिल्याच कागदावर खोटं लिहायला लावायचं आणि मग तोच कागद काढून त्याला संशयित म्हणायचं, हे बरं नाही.

धान्य घेताना दुकानातल्या यंत्रावर बोटाचा ठसा आधारशी जुळावा लागतो. या ठशाचा प्रश्न बेळगावात आणि निपाणीत विशेष का आहे, हे इथले धंदे बघितले की कळतं. निपाणीत तंबाखू आणि विड्या. वर्षानुवर्षं विडी वळणाऱ्या बाईची बोटं पानानं आणि तंबाखूनं गुळगुळीत होतात. वडगाव-खासबागला माग. उद्यमबागेत वाळू, ग्राइंडर आणि तापलेलं लोखंड. बांधकामावरच्या बायकांची बोटं सिमेंट खातं. आणि तुमचं यंत्र मागतं बोटाच्या रेघा.

एका दुकानात मी स्वतः बघितलेलं सांगतो. आजी सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. दुकानदार वाईट नव्हता, यंत्राशेजारी त्यानं ओला फडका आणि खोबरेल तेलाची बाटली ठेवली होती. "आजी, दुसरं बोट ठेवा. आता डाव्या हाताचं. जरा दाबून. पुसून घ्या, परत ठेवा." दहाही बोटं झाली. आजींनी विचारलं, "आता पायाची ठेवू काय रे बाबा?" रांगेत सगळे हसले, आजीही हसल्या आणि रिकामी पिशवी घडी घालून घरी गेल्या. त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर ज्या नातवाचा होता तो पुण्याला गेलाय आणि त्यानं सिम बदललंय, त्यामुळं ओटीपीचा रस्ताही बंद.

त्या दुकानदाराला एक गोष्ट कुणी सांगितली नसावी. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न खात्यानं सर्व राज्यांना पत्र पाठवलंय: आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून कुणाचं धान्य नाकारायचं नाही, दुसरं ओळखपत्र बघून द्यायचं आणि तशी नोंद वेगळ्या वहीत ठेवायची. ती वही मी आजवर एकाही दुकानात बघितलेली नाही. दुकानदारांना विचारलं तर म्हणतात, तसं दिलं तर पुढच्या महिन्यात साठा जुळत नाही आणि आम्हालाच नोटीस येते. त्यांचंही खोटं नाही. त्यांचं कमिशन वेळेवर मिळत नाही म्हणून ते अधूनमधून संपाची भाषा करतात, तोही हिशेब तुमच्याच टेबलावर पडलेला आहे.

आता त्यात नवी भर. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं रेशनच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. सहा महिने ज्या कार्डावर धान्य उचललं गेलं नाही ते तात्पुरतं बंद करायचं आणि तीन महिन्यांत घरी जाऊन खातरजमा करायची. घरी जाऊन, हे त्या आदेशातच आहे. आजींनी सहा महिने धान्य उचललं नाही असं तुमचा संगणक सांगेल. यंत्रानं ते उचलू दिलं नाही, हे तो सांगणार नाही. ते घरी गेलेल्या माणसालाच कळेल. तेव्हा आमचं म्हणणं एवढंच की तो माणूस खरंच घरी जावा. दुकानात बसून रकाने भरू नयेत.

या पत्रातला सर्वांत मोठा भाग मी आमच्या सुनांसाठी राखून ठेवला होता. बेळगाव आणि चंदगड, गडहिंग्लज, आजरा यांचा रोटी-बेटीचा व्यवहार १९५६ च्या आधीपासूनचा आहे आणि राज्यं वेगळी झाली म्हणून तो थांबलेला नाही. शिनोळीपासून महाराष्ट्र सुरू होतो, पण सोयरीक जमवताना कुणी नकाशा उघडत नाही. लग्न झालं की पोरगी इकडं येते आणि तिचं नाव तिकडं बापाच्या रेशन कार्डावर राहतं. इकडं नवऱ्याच्या कार्डावर नाव घालायला गेलं की संगणक म्हणतो, हा आधार नंबर दुसऱ्या राज्यात चालू आहे. मग तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणा.

माझ्या चुलतभावाची बायको अशीच चंदगड तालुक्यातली. ती दाखला आणायला माहेरच्या बाजूच्या कचेरीत गेली. तिथल्यांनी कागद घेतले, नाव कमी होईल म्हणाले. काही महिन्यांनी तिकडच्या दुकानात तिचं नाव दिसेनासं झालं, म्हणून इकडं अर्ज केला, तर इकडच्या संगणकात ती अजून तिकडंच. पुन्हा तिकडं. तिकडचे म्हणाले, आमच्याकडून काम झालंय, आता तुमच्या राज्यानं बघायचं. इकडच्या केंद्रातल्या मुलीनं स्क्रीन फिरवून दाखवली, "बघा ताई, मी काय करू? लाल येतंय." दरम्यान तिकडं आधारवरून ओळख पटवून घ्यायचं ई-केवायसी आलं, ते तिनं केलं नव्हतं, त्यामुळं तिच्या नावचे ५ किलो तिकडंही बंद. ना माहेरी, ना सासरी. तिच्या पोराचं नाव मात्र बापाच्या कार्डावर सहज चढलं. म्हणजे सरकारच्या दफ्तरात त्या घरात बाप आहे, लेकरू आहे, आई नाही. प्रत्येक खेपेला रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, आणि लेकरू कुणाकडं ठेवायचं हा प्रश्न वेगळाच.

त्यातून नावांचा गोंधळ. शाळेचा दाखला महाराष्ट्रातला, त्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. इथल्या आधारावर नवऱ्याचं नाव किंवा नुसती आद्याक्षरं. एका कागदावर बाई जोडलेलं, दुसऱ्यावर नाही. माणूस तोच, फोटो तोच, तरी 'नाव जुळत नाही' म्हणून अर्ज परत. मग प्रतिज्ञापत्र करा, त्याला स्टॅम्प आणा, नोटरीकडं जा, त्याची झेरॉक्स काढा. झेरॉक्सचे पैसे मी अशा बायकांकडून घेत नाही, पण नोटरी सोडत नाही.

खरं म्हणजे यावरचा अर्धा उपाय सरकारजवळ तयार आहे. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत जानेवारी २०२० मध्ये जी १२ राज्यं जोडली गेली त्यात कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्ही होती. महाराष्ट्राचं कार्ड दाखवून बेळगावात केंद्राचे माणशी ५ किलो घेता येतात. खानापूरचा माणूस गोव्यात कामाला गेला तर त्याला तिथं घेता येतात. राज्याचे जादा ५ किलो त्यात मिळत नाहीत, हे खरं, पण काहीच न मिळण्यापेक्षा ते बरं. हे इथं कुणाला माहीत आहे? दुकानावर फलक नाही. कुणी विचारलंच तर "दुसऱ्या राज्याचं चालत नाही" असं सरळ सांगून परत पाठवलं जातं. त्यासाठी १४४४५ हा हेल्पलाइन नंबर आहे. माझ्या दुकानाच्या काचेवर मी तो मोठ्या अक्षरात चिकटवलाय, तुम्हीही चिकटवा.

नव्या कार्डांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच सांगता येतं: मिळत नाहीत. अर्जाची खिडकी मधूनच काही दिवसांसाठी, कधी काही तासांसाठी उघडते. ती उघडल्याचं आम्हाला व्हॉट्सॲपवर कळतं, आणि पोचेपर्यंत सर्व्हर बसलेला असतो. देशभरातला कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर चाललाय. तेव्हा बेळगाव महापालिकेची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार होती. त्यानंतर शहर कुठवर पसरलंय हे कणबर्गीला किंवा मच्छेला एक चक्कर मारली तरी दिसेल. जुनी जनगणना धरून गरजूंना बाहेर ठेवू नका असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये म्हटलं. ई-श्रमवर (केंद्राच्या असंघटित कामगारांच्या नोंदणीत) नोंद असलेल्या पण रेशन कार्ड नसलेल्या मजुरांना दोन महिन्यांत कार्डं द्या असं मार्च २०२४ मध्ये बजावलं. आमच्याकडं ई-श्रमचं प्लास्टिक कार्ड करून घेतलेले खूप आहेत, लॅमिनेशन मीच केलंय. त्या कार्डावर पुढं रेशन कार्ड मिळू शकतं हे त्यांना कुणीही सांगितलेलं नाही.

काही अधिकारी खासगीत म्हणतात, "यांना तांदूळ लागत नाही हो, विकतात." विकतात, हे खरं आहे. गल्लीत टेम्पो फिरतो, तांदूळ घेतो. पण कशासाठी विकतात हेही बघा. हा भाकरी खाणारा भाग. ज्वारी कधी येते, कधी येत नाही. डाळ, तेल विकत घ्यायला रोख लागते. जुलै २०२३ पासून राज्यानं जादा ५ किलोंऐवजी किलोला ३४ रुपयांप्रमाणे माणशी १७० रुपये खात्यावर दिले, तेव्हा त्याच पैशात बायका तेल आणत होत्या. फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा तांदूळ सुरू झाले आणि टेम्पोही पुन्हा जोरात फिरू लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं जादा तांदळाच्या जागी तूरडाळ, तेल, साखर, मीठ असं किट द्यायचं ठरवलं, म्हणजे लोकांची गरज काय होती ते सरकारनंही मान्य केलं. मग वाटीभर डाळीसाठी तांदूळ विकणाऱ्या बाईला चोर ठरवू नका. टेम्पो कुणाचा आहे ते शोधा. तो आडवाटेनं येत नाही, मुख्य रस्त्यानं येतो.

भाषेचा मुद्दा मुद्दामच उशिरा घेतला. मी कन्नड लिहितो, वाचतो, माझी मुलं कन्नड शिकतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कामकाज कन्नडमध्येच चालवा. पण नोटीस ही कामकाजापुरती नसते, ती ज्याला द्यायची त्याला कळावी म्हणून असते. येळ्ळूरच्या किंवा अनगोळच्या ज्या बाईची चौथीपर्यंतची शाळा मराठीत झाली, तिला तिचं रेशन का थांबणार हे तिला वाचता येईल अशा अक्षरांत सांगायला काय अडचण आहे? उर्दू शाळेत शिकलेल्या बाईचं तेच. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क नागरिकाला आहे. तरी मराठीत लिहिलेला अर्ज "कन्नडमध्ये लिहून आणा" म्हणून एका टेबलावरून परत आलेला मी पाहिलाय. तो अर्ज लिहून देण्यासाठी बाहेर एजंट बसलेले असतात. त्यांचा दर मी सांगायची गरज नाही, तुम्ही रोज त्यांच्यासमोरूनच आत जाता.

आता आम्हाला काय हवंय ते सांगतो. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही.

१. संशयित कार्डांची यादी पुन्हा लावा. प्रत्येक नावापुढं कारण पूर्ण लिहा: कुठल्या वर्षाचं रिटर्न, किती कर, कुठली गाडी, किती जमीन. कन्नडसोबत मराठीत आणि उर्दूतही. शटरवर नको, काचेआड लावा. शिवाय प्रत्येक घरी नोटीस पोचवून सही घ्या, खुलाशाला किमान ३० दिवस द्या आणि निकाल लागेपर्यंत धान्य चालू ठेवा. अपात्र ठरवायचं असेल तर पुरावा तुम्ही द्या. सध्या उलटं चाललंय, आरोप संगणकाचा आणि पुरावा गोळा करायला रोजंदारी बुडवून बाई फिरतेय.

२. शून्य कराचं रिटर्न भरलेली कुटुंबं यादीतून ताबडतोब काढा.

३. प्रत्येक दुकानात ठसा न जुळणाऱ्यांची नोंदवही ठेवा, तीवरून दिलेलं धान्य साठ्याच्या हिशेबात धरा, त्यासाठी दुकानदाराला नोटीस काढू नका. निपाणीत विडी कामगारांसाठी, वडगाव-खासबागला विणकरांसाठी आणि उद्यमबागेत फौंड्री कामगारांसाठी ई-केवायसीची शिबिरं भरवा, तीही सुट्टीच्या दिवशी. डोळ्यांचा स्कॅनर असेल तर तो शिबिराला आणा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जा.

४. दुसऱ्या राज्यातून लग्न होऊन आलेल्या बायकांसाठी बेळगाव, खानापूर आणि निपाणीत एकेक टेबल ठेवा. लग्नाचा दाखला आणि आधार घेऊन अर्ज इथंच स्वीकारा. चंदगडच्या किंवा गडहिंग्लजच्या कचेरीशी पत्रव्यवहार तुम्ही करा. तुमच्याकडं ईमेल आहे, तिच्याकडं कडेवर पोर आहे. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून अडलेली नावं सोडवली तरी पुष्कळ होईल. तोवर 'एक देश एक रेशन कार्ड'खाली तिचे ५ किलो इथल्या दुकानात द्या, आणि असं मिळतं हे सांगणारा फलक १४४४५ आणि १९६७ या नंबरांसह दुकानावर लावा.

५. नव्या कार्डांसाठी अर्ज बारमाही घ्या. प्रत्येक अर्जाला तारखेची पावती द्या. आधी आलेल्याला आधी, अशी प्रतीक्षा यादी सर्वांना दिसेल अशी ठेवा. २०२५ च्या केंद्रीय दुरुस्तीतही हेच अपेक्षित आहे.

६. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी आहे, दुकानावर देखरेख करणारी दक्षता समिती आहे, सामाजिक अंकेक्षण आहे, आणि हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्याचा भत्ता आहे. आमच्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, समितीत कोण आहेत, त्यांची बैठक शेवटची कधी झाली, भत्ता आजवर कुणाला मिळाला, हे दुकानाच्या फलकावर लिहा.

७. आमदारांसाठी एकच मागणी. दर डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तुम्ही सगळे इथंच असता. १ लाख २० हजारांची मर्यादा किमान वेतनाशी जोडा, एवढा एक विषय त्यात घ्या. प्रश्न लेखी विचारायचा असेल तर आकडेमोड वर करून दिलीच आहे.

या पत्राची कन्नड प्रत सोबत जोडली आहे. भाषांतर मीच केलंय, शब्द चुकला असेल तर सांभाळून घ्या. दोन्ही प्रती आवक विभागात देऊन शिक्का घेणार आहे. आमच्या भागातल्या यादीतल्या कुटुंबांपैकी ज्यांनी संपर्क केला त्यांचे खुलासे भाडेपावती, पगाराची चिठ्ठी आणि शून्य कराच्या रिटर्नच्या प्रतींसह तयार करून ठेवले आहेत. ते कुठल्या टेबलावर आणि कुठल्या वारी स्वीकाराल तेवढं लेखी कळवावं, म्हणजे पुन्हा कुणाचा रोज बुडणार नाही.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार
शहापूर, बेळगाव